उरलेल्या रंगाचे पेंटरकाका

जालन्यात कुठल्याही घराला रंग लागत असला, की काम संपायच्या दिवशी पेंटरकाका तिथं हजर व्हायचे. त्यांना कळायचं कसं, हे मला कधीच समजलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वास येतो." दारात उभे राहून ते एवढंच विचारायचे, "रंग उरलाय का?" नमस्कार नाही, ओळख नाही, आपण कोण, कुठून आलो, काही नाही. घरातली बाई गोंधळून आत जायची आणि तळाशी चार बोटं रंग राहिलेला डबा घेऊन यायची. तसा डबा प्रत्येक घरात असतोच. कधीतरी लागेल म्हणून माळ्यावर जातो आणि वर साय धरून तिथंच वाळून जातो.

डबा हातात घेतला की काका अट सांगायचे. "रंग नेतो. पण तुम्ही एक दिवस यायचं."

"कुठं?"

"अंगणवाडीत. मी अक्षर आखून देईन, तुम्ही भरायचं. एकच."

लोक हसून हो म्हणायचे आणि विसरायचे. काका विसरायचे नाहीत. दोनदा आठवण करायचे आणि तिसऱ्यांदा डबा परत नेऊन द्यायचे. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या मालकांनी एकदा ड्रायव्हरच्या हाती चार नवेकोरे, सीलबंद डबे पाठवले होते. काकांनी गाडीतून उतरूसुद्धा दिले नाहीत. मी म्हटलं, "काका, चार डब्यांत चार अंगणवाड्या झाल्या असत्या." ते म्हणाले, "नवा रंग पाठवला की मानूस मोकळा होतो, बाई. उरलेला द्यायचा तर माळ्यावर चढावं लागतं."

ते मालक पुढे खरंच आले. पांढऱ्या पँटीत जमिनीवर मांडी घालून त्यांनी 'ढ' भरला. रंग रेषेबाहेर गेला म्हणून काकांनी त्यांना तीस पोरांसमोर रागावलं, आणि ते गुपचूप ऐकून घेताना मी पाहिलं.

मी तेव्हा बदनापूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. सगळं आयुष्य त्याच कामात गेलं, आता निवृत्त आहे. गावात मला सगळे बाई म्हणायचे, काकाही बाईच म्हणायचे. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण ते कोणी घेत नसे. मस्तगडातल्या दुकानदारांपासून माझ्या मदतनीस कौसाबाईपर्यंत सगळ्यांना ते पेंटर म्हणूनच ठाऊक.

एके काळी मस्तगडातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं. एका दिवसात छापून मिळायला लागल्यावर हाताच्या अक्षरासाठी आठ दिवस कोण थांबणार? मुलगा नोकरीला लागला होता, त्यामुळं पोटाची काळजी नव्हती. पण काकांना हात रिकामा ठेवता येत नसे. रस्त्यानं चालताना ते फ्लेक्सवरची अक्षरं मोठ्यानं वाचत आणि थांबून मान हलवत. "या अक्षराला हाडं न्हाईत," म्हणत. दुकानदाराला वाटे, हा आपल्यालाच काही बोलून राह्यला.

पांढरा पायजमा, पांढरा सदरा. ब्रश पुसायला ते फडकं वापरत नसत, डाव्या मांडीला पुसत. त्यामुळं डावा पाय लाल, हिरवा, पिवळा असा चित्रविचित्र, आणि उजवा पाय धुतल्या तांदळासारखा. जालन्याहून सकाळच्या गाडीनं बदनापूरला उतरायचे, दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत डबे. अपडाऊन करणारे नोकरदार त्यांच्या शेजारची जागा सोडून बसायचे, कपड्यांना डाग लागू नये म्हणून.

माझी त्यांची पहिली भेट पाण्यावरून झाली. कृषी संशोधन केंद्रात ते शेतातल्या वाणांच्या पाट्या रंगवायला आलते. ऊन फार होतं, पाणी मागायला अंगणवाडीत शिरले. तांब्या तोंडाला लावता लावता त्यांची नजर भिंतीवर गेली. मी मुळाक्षरांचा तक्ता चांगला वर, छताजवळ टांगला होता. खाली ठेवला की पोरं फाडत.

"हे कोनासाठी लावलंय?"

"मुलांसाठी."

"मंग पोरायला शिडी बी द्या."

मला राग आला. पण ते गेले नाहीत. त्यांनी वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराला भिंतीला टेकवून उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खडूनं रेघ ओढली. ती रेघ खोलीभर फिरवली. म्हणाले, "हितून खाली सगळं पोरायचं. वर तुमचे नेते लावा न्हाईतर कॅलेंडर लावा, मला घेनं न्हाई."

पुढच्या आठवड्यात ते डबे घेऊन आले. रेघेच्या खाली रंगवायचं म्हणजे जमिनीवर आडवंतिडवं बसून काम. साठी उलटलेला माणूस एका कुशीवर पडून 'ज्ञ' काढत होता. हो, ते 'ज्ञ'पासून सुरू करत आणि उलटे 'अ'कडं येत. कारण विचारल्यावर म्हणाले, "सगळे अ पासून काढतेत. शेवटाला रंग संपतो, टाइम संपतो, मंग क्ष-ज्ञ फिक्के राहतेत. अ ला काय, त्याला कोनी बी देतं."

गावातली मोठी माणसं दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "पेंटर, इतक्या खाली काढून राह्यले, आम्हाला दिसत न्हाई." काका मान वर न करता म्हणायचे, "तुमच्यासाठी न्हाईच ते."

शब्दांवरून त्यांचं आणि माझं रोज वाजायचं. तक्त्यात 'क – कमळ' होतं. काकांनी पोरांना विचारलं, कमळ कोणी पाह्यलंय? कोणीच नाही. "मंग क कशाचा?" एक पोरगं म्हणालं, कडबा. काकांनी कडब्याची पेंढी काढली. 'म' मोसंबीचा झाला, 'स' सरकीचा, 'ब' बाजेचा. 'ट'ला सगळी पोरं एका सुरात 'टमरेल' म्हणाली आणि लोळून लोळून हसली. मी म्हटलं, काका, हे भिंतीवर नको, मॅडम तपासणीला येतात. काका म्हणाले, "मॅडमच्या घरी टमरेल न्हाई का?" आणि त्यांनी इतकं सुबक टमरेल काढलं की कौसाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

'य'वर मात्र गाडी अडली. तक्त्यात 'यज्ञ' होता. यज्ञ कोणी पाहिला नव्हता. काकांनी 'यंत्र' सुचवून पाहिलं, पोरं गप्प. तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "याडी."

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला होता. गावापासून अर्ध्या कोसावर तांडा होता, तिथली ती चार वर्षांची मुलगी. चार महिने रोज येत होती, दाराजवळ बसत होती, खिचडी खाऊन जात होती, पण तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. मुलीला बोलता येत नसावं, असं मी मनात धरून चालले होते आणि माझ्या नोंदवहीत तसं लिहिलंही होतं. तिला बोलता येत होतं. तिच्या घरची बोली वेगळी होती आणि आमचं बोलणं तिला कळत नव्हतं, एवढंच. चार महिन्यांत हे माझ्या लक्षात आलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

पोरं हसली. काका हसले नाहीत. ब्रश खाली ठेवून ते तिच्याजवळ सरकले. "याडी म्हंजी काय गं माय?"

तिनं दाराबाहेर बोट केलं. तिची आई तिला न्यायला आली होती. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, आणि आत यावं की नाही या विचारात पायरीच्या खाली उभी.

काकांनी तिथंच 'य – याडी' लिहिलं. चित्र काढलं आईचं, डोक्यावर भारा घेतलेलं. काका अक्षरांचे उस्ताद होते, माणसं त्यांना जमत नसत. ती आई जरा घंटेसारखी दिसत होती. लुगड्याला त्या दिवशी हाताशी होता तो निळा रंग दिला. त्या मुलीनं चित्राकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि आईला ओढत आत घेऊन आली. त्या दिवसापासून ती सगळ्यात आधी येऊ लागली. आली की चित्राला हात लावायची आणि मग चटईवर बसायची. महिन्याभरात ती कौसाबाईला "पानी दे" म्हणायला लागली होती.

आता त्या निळ्या रंगाचं सांगायला हवं.

आमची अंगणवाडी भरायची ती खोली गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांनी नवा बंगला बांधला होता, निळ्याशार रंगाचा. तसा निळा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. रस्त्यावरून एसटीतले लोक वळून बघायचे. त्यातला उरलेला रंग मामांनी स्वतः आणून दिला होता, स्वतः मांडी घालून 'न – नळ' भरला होता आणि फोटोही काढून घेतला होता. माणूस वाईट नव्हता. खोली त्यांनी काही न घेता दिली होती, आणि ते मी विसरत नाही.

पण पारावर कोणीतरी थट्टा केली. "मामा, तुमच्या बंगल्याचा रंग अन् तांड्यावरच्या बाईचं लुगडं, एकच की हो." लोक हसले. मामांना ते झोंबलं.

ते तसेच माझ्याकडं आले. "बाई, ते पुसा. आपल्या गावच्या भिंतीवर त्यांची भाषा कशाला? अंगणवाडी मराठी आहे ना?"

मी म्हटलं, "मामा, एक शब्द तर आहे."

"एकच आहे म्हणून तर सांगून राह्यलो. पुसायला कितीक वेळ लागतो? का खोलीचा दुसरा बंदोबस्त करता?"

योगायोगानं त्याच आठवड्यात आमच्या मुख्यसेविका मॅडमचा निरोप आला. वरचे साहेब भेटीला येणार होते आणि भिंतीवर मंजूर तक्त्याबाहेरचं काही दिसता कामा नये. मला निमित्त मिळालं. तीस लेकरं कुठं बसवू, हा प्रश्न खरा होता. पण माझी भीतीही खरी होती, ती लपवत नाही. दुपारी पोरं गेल्यावर मी चुन्याची बादली घेतली. कौसाबाईला म्हटलं, जरा धर. ती म्हणाली, "मी न्हाई धरनार बादली. तुमचं तुम्ही करा." आणि भांडी घासायला निघून गेली. पहिल्या हातात निळं झाकलं गेलं नाही, खालून दिसत राहिलं. मी दुसरा हात मारला. टमरेलही पुसलं. ते कोणी सांगितलं नव्हतं, पण पुसायला लागलं की हात थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. भिंतीपाशी उभी राहिली. पांढऱ्या जागेवर हात ठेवला, हाताला चुना लागला, तो फ्रॉकला पुसला आणि दाराजवळच्या तिच्या जुन्या जागी जाऊन बसली. त्यानंतरच्या दिवशी ती आली नाही, आणि पुढेही नाही. साहेब तर आलेच नाहीत, त्यांचा दौरा रद्द झाला.

आठ दिवसांनी काका आले. भिंत बघितली.

"चुना कोनी मारला?"

"मी," मी म्हटलं आणि मामांचं, मॅडमचं सगळं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, डबे उचलले आणि गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तीन आठवडे त्यांचा पत्ता नव्हता. शेवटी एका रविवारी मी गाडीनं जालन्याला गेले आणि मस्तगडात त्यांचं घर शोधलं. गल्लीत शिरताच काका ओट्यावर बसलेले दिसले, कुणाच्यातरी पत्र्यावर घर नंबर लिहीत होते. काकूंनी पाणी आणून दिलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ते रुसले न्हाईत बाई. त्यांना वाटून राह्यलं तुम्हीच रुसल्यात."

मी काकांची माफी मागितली. त्यांनी आधी हातातला आकडा पुरा केला. मग डाव्या मांडीला ब्रश पुसत म्हणाले, "माझं काय? माझ्या निम्म्या पाट्या लोकायनं पुसल्या अन् वर फ्लेक्स लावले. लिहिलेलं पुसलंच जातं. पन त्या पोरीला कोनी सांगितलं का, का पुसलं ते?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग हिकडं कशाला आल्या? आधी तिकडं जा."

बशीत ओतून चहा पिऊन झाल्यावर ते मला स्टेशनापर्यंत सोडायला आले. वाटेत नेहमीसारखे फ्लेक्स वाचत होते. गाडी हलताना म्हणाले, "जल्दी जा. लेकरायचं मन मोठ्यायसारखं वाट बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी तांड्यावर गेले. इतकी वर्षं गावात राहून, पोलिओच्या डोसाखेरीज मी तिथं कधी गेले नव्हते. मुलीची आई भाकरी थापत होती. मला बघून तिनं बाज टाकली. मी विचारलं, पोरगी का येत नाही? तिनं पिठाचे हात झटकले. "रोज सांगते जा म्हून. तिचं एकच म्हननं हाये. माझी याडी पुसली म्हनते."

मुलगी बाजेच्या पलीकडं उभी होती. चार वर्षांच्या लेकराची माफी कशी मागतात, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि म्हटलं, "मी चुकले. मला भ्या वाटलं म्हणून मी पुसलं. परत काढू." तिच्या आईनं ते तिच्या बोलीत सांगितलं. मुलगी आईच्या मागं जाऊन उभी राहिली. पण मी निघाले तेव्हा तांड्याच्या कडेपर्यंत माझ्या मागं मागं आली.

तिथून मी सरळ मामांच्या बंगल्यावर गेले. म्हटलं, "मामा, ते परत लिहिणार आहे." मामा सुपारी कातरतच म्हणाले, "तुमची मर्जी, बाई. खोली माझी हाये. आठ दिवसांत रिकामी करा."

खोली सोडायच्या दिवशी काका आले. मला वाटलं, सामान उचलायला आले असतील. त्यांनी पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली आणि भिंतीवरचा निळा रंग खरवडायला बसले. नळ खरवडला, 'व'च्या विहिरीतलं पाणी खरवडलं, माझ्या चुन्याखालचं लुगडंही खरवडलं. बाकीच्या रंगांना धक्का लावला नाही. सकाळी बसलेला माणूस दुपारी उठला. तो सगळा चुरा त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधला, बंगल्यावर गेले आणि ओट्यावर ठेवला.

"मामा, तुमचा रंग. चुना मिसळला आसंल थोडा, पन सगळा हाये."

मामा त्या पुडीकडं बघत राहिले. त्यांच्या सूनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं.

मग आमची अंगणवाडी गाव आणि तांडा यांच्या मधल्या लिंबाच्या झाडाखाली भरू लागली. पाऊस आला की कौसाबाईच्या घरी. मला वाटलं होतं, आता हळूहळू पोरं कमी होतील आणि एक दिवस सगळं बंद पडेल. पण काका जालन्यात गप्प बसले नव्हते. ज्यांच्या ज्यांच्याकडून त्यांनी एकेक अक्षर भरून घेतलं होतं, त्या सगळ्यांकडं ते गेले. या वेळी रंग मागितला नाही. दारात उभे राहून म्हणाले, "तुमचं अक्षर उघड्यावर पडलं."

लोक आले. ग्रामपंचायतीनं त्या झाडाजवळच जागा दिली. नवीन जालन्यातल्या बँकेतल्या एका बाईंनी घराचं काम निघाल्यावर काढलेली खिडकी आणून दिली. मोंढ्यातल्या एका आडत्यानं दुकानाचं जुनं दार दिलं, त्यावर अजून आत-बाहेर वजनाचे आकडे खिळ्यानं कोरलेले होते. बियाणे कंपनीच्या मालकांनी सिमेंट पाठवलं, आणि काकांनी परत पाठवू नये म्हणून सोबत स्वतः आले. फरशी पाच घरांची पाच रंगांची. तांड्यावरच्या माणसांनी भिंती चढवल्या, त्यातले बरेच जण गवंडीकाम करणारे होते. गावातली तरुण मंडळी पहिले दोन दिवस लांबून बघत होती, तिसऱ्या दिवशी विटा द्यायला लागली. इतकी बेढब खोली मी दुसरी पाहिली नाही. आणि इतकी गार आणि उजेडाचीही.

भिंत वाळल्यावर काकांनी बुटक्या पोराची रेघ ओढली आणि 'ज्ञ'पासून सुरुवात केली. 'य' आला तेव्हा ब्रश बाजूला ठेवला आणि त्या मुलीच्या आईला बोलावलं. ती म्हणाली, "मला कुठं येतं? मी शाळंत गेल्ते का?" काका म्हणाले, "मी आखून देतो. तुम्ही निस्ता भरा. सगळ्यायनं असंच केलंय." तिनं पदराखालून एक लहानशी डबी काढली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग होता. काकांनी डबी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "बराबर हाये."

ती खाली बसली. मुलगी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी. चारच अवयव त्या शब्दाचे, पण अर्धा तास लागला. तिचा हात विळ्याला सरावलेला होता, ब्रश तिनं तसाच मुठीत धरला होता. एक थेंब रेषेबाहेर गेला. मी काकांकडं पाहिलं, आता रागावतील म्हणून. काका दुसरीकडं बघत होते.

मामा नव्या खोलीकडं कधी फिरकले नाहीत. पण जूनमध्ये त्यांच्या सूनबाई नातवाला घेऊन आल्या. "मामंजींना सांगून आलेय," एवढंच म्हणाल्या. मी नाव लिहून घेतलं. मॅडमही पुढे एकदा आल्या, भिंतीसमोर वाकून सगळं वाचलं, आणि भेटीच्या वहीत 'मुले बोलकी आहेत' असं लिहून गेल्या. भिंतीवर परत आलेल्या टमरेलाबद्दल काही लिहिलं नाही.

काका जाऊनही आता काही वर्षं झाली. त्यांच्या दारात त्या दिवशी मोठी गर्दी होती, आणि त्यातले निम्मे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. मी मात्र बऱ्याच जणांना त्यांच्या अक्षरावरून ओळखलं. हे 'ढ', ते 'छ', त्या खिडकीवाल्या बाई 'भ'.

पण काका आठवले की मला ती गर्दी आठवत नाही. त्याआधीच्या हिवाळ्यातला एक दिवस आठवतो. त्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता आणि ब्रश धरणं बंद झालं होतं. तरी एका सकाळी मुलाच्या मोटारसायकलवर बसून आले. मी खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सारली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसले. पोरं त्यांच्याभोवती जमली, शब्द म्हणून दाखवू लागली. काका प्रत्येकाची चूक काढून दाखवत होते.

जवळच्या वीटभट्टीवर तेव्हा परराज्यातली कुटुंबं आली होती. त्यांतलं एक लेकरू नुकतंच येऊ लागलं होतं. ते दारातच उभं राहिलं होतं, आत यायला तयार नव्हतं. मी हाक मारली, कौसाबाईनं चुरमुरे दाखवले, उपयोग झाला नाही. काकांनी हाक मारली नाही. ते नुसते जरा सरकले आणि शेजारी एका माणसाची जागा केली. बऱ्याच वेळानं ते लेकरू भिंतीच्या कडेकडेनं आलं आणि त्या जागेत बसलं.

मी म्हटलं, "काका, त्याला आपलं काही कळत नाही."

"मला बी त्याचं कळत न्हाई," काका म्हणाले. "बराबर झालं."

मग पोरांची खिचडी होईपर्यंत ते दोघं तसेच शेजारी शेजारी, काही न बोलता, समोरच्या भिंतीकडं बघत बसले.